तिठ्यापर्यंतचा कान

कोणाच्याही घरात शिरलं की भार्गव शिवलकर आधी पंखा बंद करायचे. यजमानाला विचारायची पद्धत नव्हती. चपला बाहेर, पिशवी कोपऱ्यात, पंखा बंद, आणि मग "हां, लावा आता." मे महिन्यात रत्नागिरीत दुसऱ्याच्या घरचा पंखा बंद करणारा माणूस डोक्यात जाणारच. पण घाम पुसत सगळे गप्प बसायचे, कारण शिवलकर ऐकत असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एका वकिलांना त्यांच्याच दिवाणखान्यात त्यांनी "जरा श्वास हळू घ्या" असं सांगितलं होतं. वकिलांनी घेतला.

गाडीतळाच्या उतारावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नातले अँप्लिफायर, सगळं ते दुरुस्त करायचे. जीव मात्र होता जुन्या परदेशी स्पीकरांच्या लाकडी पेट्यांत. गावात अशा पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बोटीवर नोकरी केलेल्या कोणी आणलेल्या, नाहीतर एखाद्या हौशी डॉक्टरने, एखाद्या बागायतदाराने. त्या प्रत्येक पेटीच्या पोटात काय आहे ते शिवलकरांना पाठ होतं.

आम्ही त्यांचे शेजारी. मधे फक्त चिऱ्यांचा गडगा. मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे मुलांना उपकरणं मांडून द्यायची आणि ती मोडली की रजिस्टरात लिहायचं. शिवलकर मला 'प्रोफेसरीणबाई' म्हणायचे. मला खिजवायलाच म्हणायचे, कारण त्यांच्या मते कॉलेजातली माणसं काट्याकडे बघतात, ऐकत नाहीत. त्यांच्या दुकानात मीटर होता, पण तो कापडात गुंडाळलेला.

"मीटर आजचं सांगतो," ते म्हणायचे. "कान उद्याचं पण सांगतो."

ही नुसती फुशारकी नव्हती, आणि म्हणूनच लोक त्यांना थोडे बिचकून असत. आमच्या वडिलांचा रेडिओ चांगला खणखणीत वाजत असताना गडग्यापलीकडून ते एकदा म्हणाले, "काका, आठ दिवस." नवव्या दिवशी रेडिओ बंद पडला. एसटी स्टँडवर मालगुंडच्या गाडीपाशी थांबून ड्रायव्हरला म्हणाले, "पुढचं डावं चाक बघून घ्या." ड्रायव्हर हसला. संध्याकाळी ती गाडी वाटेत चाक निखळून चढावर उभी होती. आणि गाडीतळावरच्या चहावाल्याला तर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा खोकला कोरडा नाय, आतून ओला हाय. छातीचा फोटो काढून घे." चहावाला चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी फोटो काढायला गेला तो सहा महिने परत आला नाही. तेव्हापासून शिवलकर दुकानात शिरले की लोक खोकला गिळायचे. त्यांनी मान तिरपी करून ऐकलं आणि नकारार्थी हलवली, की समोरचा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जायचा.

त्यांनी मला स्पीकरचं पोट उघडून दाखवलं ते द्वारकाताईंकडे. द्वारकाताई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या शिक्षिका. लग्न केलं नाही. डोळ्यांत वडस आणि वर आणखी काहीतरी, त्यामुळे सकाळ की दुपार एवढंच कळायचं. भाऊ बोटीवर इंजिनियर होता. त्याने पंचवीस वर्षांपूर्वी विलायतेतून अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पेट्या आणून दिल्या आणि पुढच्याच खेपेला तो समुद्रावर वारला. ताईंचा दिवस त्या दोन पेट्यांसमोर जायचा. वाचता येत नाही, शिवता येत नाही, रस्त्यावर एकटीने जाता येत नाही. रेकॉर्ड लावायची आणि ऐकायचं. त्या पेट्यांना काही झालं असतं तर त्या बाईंनी सकाळी उठून काय करायचं होतं, हे मला सांगता येत नाही.

शिवलकरांनी मागची फळी उघडली. आत कोळ्याच्या जाळ्यांत एक छोटी पाटी, तिच्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, तीनचार मेणचट कंडेन्सर, एक रेझिस्टन्स.

"हा क्रॉसओव्हर," ते म्हणाले. "हातखंब्याचा तिठा बघितलाव ना? मुंबयहून गाड्या येतात. गोव्याच्या सरळ जातात, रत्नागिरीच्या इकडे वळतात. तसं हितं जाडा आवाज खालच्या मोठ्या स्पीकराकडे, बारीक आवाज वरच्या ट्वीटरकडे. हे कंडेन्सर म्हणजे तिठ्यावरचे पोलीस. पंचवीस वर्षं उभे हायत. म्हातारे झाले. आता कोण कुठे जातंय ते त्यांना दिसत नाय."

मग त्यांनी एक तार बोटाने चोळली. हिरवी भुकटी निघाली.

"खार," ते म्हणाले. "आपल्या हवेतला खार आधी बारीक आवाज खातो, प्रोफेसरीणबाई. जाडा आवाज मरता मरत नाय. म्हणून माणसाला कळत पण नाय की काय गेलं."

नवे कंडेन्सर मुंबईहून यायचे. हव्या त्या मापाचा मिळाला नाही तर ते दोन साधे घेऊन पाठीला पाठ लावून जोडायचे. पण बसवायची रीत त्यांची स्वतःची होती. एका पेटीत नवा, दुसरीत जुना, आणि मग आलटूनपालटून एक कॅसेट लावायची. ती कॅसेट त्यांनी घरीच भरली होती. त्यांची बायको, मालतीवहिनी, सुपात तांदूळ पाखडतेय. तांदळाची सळसळ आणि हातातल्या काचेच्या बांगड्या. दुसरं काही नाही. गावातल्या प्रत्येक चांगल्या स्पीकरवर मालतीवहिनी तांदूळ पाखडून आल्या होत्या, असं आम्ही चिडवायचो. सुपातले दाणे वेगवेगळे ऐकू आले की पेटी झाली.

त्या दिवशी काम संपल्यावर ताईंनी तंबोऱ्याची रेकॉर्ड लावली. पहिल्या झंकारालाच त्यांनी हात वर केला. "जवारी आली हो, तारेची ती बारीक झणझण," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं माझंच वय झालं." शिवलकर एवढे खूश झाले की पंखा चालू करायलाही विसरले.

हे सगळं चांगल्या दिवसांतलं.

एका वर्षी गणपतीत शिवलकरांना ताप आला. उतरला, परत आला. दिवाळीपर्यंत गालफडं बसली. सगळ्या गावाचा खोकला ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचा ओळखता आला नाही, की ओळखून त्यांनी दाबून ठेवला, देव जाणे. फोटोत डाग निघाला. तरुणपणी एकदा क्षय होऊन गेला होता आणि औषध अर्धवट सोडलं होतं, त्यामुळे आता गोळ्यांनी भागणार नव्हतं. रोज एक सुई. पवार नावाचे कंपाउंडर सकाळी सायकलवरून यायचे आणि शिवलकर ओटीवर बसून दंड पुढे करायचे. महिन्याभरात रंग परतला. आम्हाला हायसं वाटलं.

मग एका दुपारी मालतीवहिनी गडग्यापाशी आल्या. हातात आमच्याकडून नेलेलं पातेलं होतं, पण ते परत द्यायला त्या आल्या नव्हत्या.

"शैलाताई, यांना कमी ऐकू येतं काय गो?"

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"नाय, मी डॉक्टरना विचारून आले. ते म्हणाले या सुईने कधी कधी कान जातात. तोल पण जातो. म्हणाले, कान काय आणि जीव काय ते बघा. मधे सोडली तर मात्र परत काय लागू पडेल सांगता येणार नाय." त्यांनी पातेलं गडग्यावर ठेवलं. "यांना बोलू नका. कळलं तर दुसऱ्या दिवशी पवारांना दारातून परत लावतील. मी वळखते ना यांना. तुमाला माझी शप्पथ हाय."

त्या काळी डॉक्टर असलं काही रोग्याला न सांगता घरच्यांना सांगायचे, आणि घरच्यांनी गिळून टाकायचं असायचं. मी वचन दिलं. द्यायला एक मिनिटही लागलं नाही. जीव आणि कान यांत निवड करायची तर त्यात विचार काय करायचा, असं मला वाटलं. माझे कान शाबूत होते.

त्यानंतर मला ते सगळीकडे दिसायला लागलं. शिवलकर आळीतून जाताना एक हात गडग्याला लावून चालायचे. मुलं हाक मारून पळायची तर ते भलत्याच बाजूला बघायचे. "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात," अशी त्यांची तक्रार सुरू झाली. मी दुकानात गेले तर ते ती तांदळाची कॅसेट मागेपुढे करत बसलेले.

"टेप उतरली," ते म्हणाले. "बांगड्या गेल्या हिच्या. सूप राहिलं, बांगड्या गेल्या."

मला बांगड्या स्पष्ट ऐकू येत होत्या. एक थोडी तडकलेली होती, तिचा आवाजही वेगळा येत होता. मी म्हटलं, "जुनी झाली असेल." माझं मलाच कोरडं वाटलं ते.

आणि मग ते गावभर फिरायला लागले. बोलावणं नसताना. "तुमची पेटी मंद झाली हाय," असं सांगत एकेका घरात शिरायचे, पंखा बंद करायचे, फळी उघडायचे. त्यांच्या शब्दावर कोण संशय घेणार? ज्याने चाक ऐकलं, खोकला ऐकला, तो म्हणतोय पेटी मरतेय, म्हणजे मरतच असणार. वकिलांच्या पेट्या झाल्या, डॉक्टरांच्या झाल्या. कंडेन्सर मोठा बसवायचा, ट्वीटरच्या वाटेतला रेझिस्टन्स काढून टाकायचा, बारीक आवाज वाढवत न्यायचा. जवळ पोचला की अजून थोडा. वकिलांच्या पत्नी मला म्हणाल्या, "शिवलकरांनी काय केलं हो, रेकॉर्ड लावली की दाढ दुखते." वकिलांनी मात्र त्यांना गप्प केलं. शिवलकरांना कळतं ते तुला कळतं काय, म्हणाले. मी तिथेच बसले होते. मी चहा प्यायले आणि उठले.

सगळ्या गावाचे स्पीकर एकदम कसे म्हातारे झाले, हा प्रश्न शिवलकरांनाही पडला होता. त्यांनी त्याचं उत्तर शोधलं होतं. यंदा खार वाढलाय. समुद्राकडे बघून ते हे सांगायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भीती असायची, आणि ती खरी होती. काहीतरी चोरपावलांनी सगळ्यांचं खाऊन चाललंय, हे त्या एकाच माणसाला कळत होतं. फक्त ते कुठे चाललंय ते कळत नव्हतं.

पौषात ते माझ्या प्रयोगशाळेत आले. मीटरची टिंगल करणारा माणूस आपल्या पायांनी कॉलेजात आला तेव्हाच मला धडकी भरली. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला एक ट्वीटर होता. द्वारकाताईंच्या उजव्या पेटीतला.

"तुमच्याकडे ती बटणवाली पेटी हाय ना, सूर चढवत नेणारी? याला लावा. मला बघायचं हाय हा मेलाय की जिवंत हाय."

ते यंत्र म्हणजे ऑसिलेटर. बटण फिरवलं की एकच सूर, खालपासून वरपर्यंत, हवा तेवढा बारीक. मी तारा जोडल्या. ते डोळे मिटून ट्वीटरपाशी वाकले. मी बटण फिरवायला लागले. दोन हजार हर्ट्झवर ते मान डोलवत होते. तीन हजार. साडेतीनला त्यांनी भुवया आवळल्या. चार हजाराच्या पुढे त्यांची मान थांबली.

"बंद केलात काय?"

बंद केलं नव्हतं. सूर माझ्या कानात सुईसारखा घुसत होता. पलीकडच्या टेबलावरच्या एका मुलीने कानांवर हात ठेवले. मी बटण सहा हजारापर्यंत नेलं, आठ हजारापर्यंत नेलं. शिवलकर वाट बघत होते. इतक्या शांतपणे वाट बघणारा चेहरा मी नंतर कोणाचा पाहिला नाही.

"नाय येत ना काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "काही येत नाही."

खोटं बोलायचं तर एकदाच बोलून भागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते ट्वीटर पुन्हा फडक्यात गुंडाळत म्हणाले, "मेलेला नाय हा. उपाशी हाय. याला पोचतच नाय काय. तिठाच मोकळा करतो." मी त्यांना थांबवायला हवं होतं. त्यांच्या मागून जिन्यापर्यंत गेलेही. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. रोजची सुई चालू होती, अजून बाकी होत्या, वहिनींची शपथ होती. मी परत आले आणि यंत्र बंद केलं.

द्वारकाताईंकडे ते मला मुद्दाम घेऊन गेले. साक्षीला, म्हणाले. दोन्ही पेट्यांतले सगळे कंडेन्सर त्यांनी बदलले होते, रेझिस्टन्स काढून टाकला होता. ताई नेहमीच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शिवलकरांनी पंखा बंद केला आणि रेकॉर्ड लावली.

पहिल्याच सुराला ताईंनी मान मागे घेतली, कोणी अंगावर धावून आल्यावर घेतात तशी. शिवलकरांचं लक्ष नव्हतं. ते आवाज वाढवत होते. "अजून नाय," म्हणत होते. "येतोय, येतोय." मी "पुरे" म्हटलं ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मग उजव्या पेटीतून एक बारीक चरचर आली, जळक्या लाखेसारखा वास आला, आणि त्या बाजूचा कर्कशपणा एकदम थांबला.

शिवलकर सरळ झाले. समाधानाने हसले. "हां," ते म्हणाले. "आता दोन्ही सारख्या झाल्या."

ताईंनी तोंड उजव्या पेटीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "भार्गव, उजवी गेली रे."

"काय?"

"उजवी गेली," त्या मोठ्याने म्हणाल्या. "वरचं काही येत नाही तिच्यातून. आणि डावी ओरडत्येय. मला दिसत नाही, पण हे मी ऐकत्ये."

ते हसायला लागले होते, पण त्यांनी उजव्या पेटीला कान लावला. मग डाव्या पेटीला लावला. परत उजव्या. परत डाव्या. एक पेटी मुकी आणि एक किंचाळणारी, आणि त्यांच्या कानाला दोन्ही एकच. रेकॉर्ड संपेपर्यंत ते ह्या पेटीवरून त्या पेटीवर जात राहिले. शेवटी सुई खरखरायला लागली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"तुमाला ठावक होतं."

मी होय म्हटलं.

"कॉलेजात आलो तेव्हा?"

"त्याच्या आधीपासून."

"आणि हिला?"

"वहिनींनीच मला सांगितलं."

मग मी सगळं सांगून टाकलं. सुईचं, डॉक्टरांचं, शपथेचं. एकेक वाक्य दोनदा सांगावं लागलं, मोठ्याने, आणि मोठ्याने सांगितलं की ते आणखी वाईट वाटत होतं. ते रागावतील, मला आणि वहिनींना बोलतील असं मला वाटत होतं. मला ते हवंही होतं. त्यांनी आपल्या उजव्या दंडावर हात ठेवला.

"रोज सकाळी मीच हात पुढे करतो," ते म्हणाले, आणि खाली बसून तारा गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी पवार कंपाउंडर आले आणि सायकल न टेकताच परत गेले. वहिनी रडत आमच्याकडे आल्या. मी शिवलकरांशी भांडायला गेले. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे मला भलताच धीर आला होता. मी म्हटलं, अर्ध्यावर सोडलंत तर काय होईल ठाऊक आहे ना, मागच्या वेळी सोडलंत म्हणून तर ही वेळ आली. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"सोडलं कुठे," ते म्हणाले. "थांबवलं. ताईंच्या पेट्या मी मारल्या. त्या मला परत करायच्या हायत. तो तिठा कुठे येतो सांगा, किती हजारावर?"

"तीन हजाराच्या आसपास."

"आणि मला कुठवर येतं?"

"चार."

"म्हणजे तिठ्यापर्यंत येतंय अजून. ट्वीटर कुठे हात धरतो आणि मोठा कुठे सोडतो, तेवढं कळतंय. अजून वीसबावीस सुया घेतल्या तर ते पण जाईल. मग कुणाच्या कानाने बसवू?"

मी म्हटलं, माझ्या कानाने बसवा, मीटरने बसवा. ते पहिल्यांदाच चिडले. "तुमच्या कानाने?" एवढंच म्हणाले. ह्याच कानांनी मी आठ हजारावरचा सूर ऐकला होता आणि नाही म्हटलं होतं.

जळालेल्या ट्वीटरच्या जागी तसा दुसरा मिळणं अवघड होतं. त्यांचा एक मावसभाऊ मुंबईत गिरणीत होता, तो सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात शोधायचा. माघ गेला. वहिनी रोज सकाळी विचारायच्या, "आज येऊ देत पवारांना?" आणि ते म्हणायचे, "आधी पेटी." एसटीतून पार्सल आलं, ते भलत्याच मापाचं निघालं. ते परत गेलं. शिमगा आला, पालख्या नाचल्या, खोकला परत आला. आता तो ओळखायला शिवलकरांच्या कानाची गरज नव्हती, गडग्यापलीकडून आम्हालाही कळत होता. माझे वडील तो ऐकून एकदा ताटावरून उठले.

ट्वीटर आला चैत्रात. जपानी, मूळच्यापेक्षा जरा वेगळा, म्हणजे सगळा तिठा नव्याने बांधायचा. ते रोज दुपारी ताईंकडे जाऊन बसायचे. तिठ्याच्या खालचं ते स्वतः ऐकायचे आणि वरचं ताई सांगायच्या. "जवारी जास्त झाली, भार्गव." "आता कमी." "आता बोचत्येय." ते एक कंडेन्सर काढायचे, दुसरा कथलाचा डाग देऊन लावायचे, खोकत, धापा टाकत. मधल्या दिवसांत वकिलांकडे आणि डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी काढलेले रेझिस्टन्सही परत बसवून दिले. काय सांगितलं त्यांना, ते मला कळलं नाही. पंखा चालू ठेवला होता म्हणे.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. ताईंच्या पेट्या झाल्या, उत्तम झाल्या. सुया पुन्हा सुरू झाल्या, पण लागू पडल्या नाहीत. आषाढात शिवलकर गेले. ताई त्यानंतर बरीच वर्षं होत्या आणि रोज ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे जायची, पण रेकॉर्ड लावली की काहीतरी काम काढून उठायची. कोणावर उपकार म्हणून मी खोटं बोलले आणि त्या खोट्याने एका माणसाचे तीनचार महिने खाल्ले, हे मला त्या गोड आवाजात बसून ऐकवत नसे. खरं आधी सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच सुई सोडली असती का? वहिनी म्हणतात सोडली असती. मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते वैशाखात. मला कॉलेजच्या कामासाठी महिनाभर पुण्याला जायचं होतं, म्हणून ताईंचा निरोप घ्यायला गेले. ऊन मावळतीकडे कललं होतं. मी ओटीच्या पायरीवर होते तेव्हा मागून मालतीवहिनी आल्या आणि त्यांच्यामागे सायकल ढकलत पवार कंपाउंडर. त्या दिवशी वहिनींनी ठरवूनच आणलं होतं त्यांना. इथेच टोचायचं, लोकांसमोर ते नाही म्हणणार नाहीत.

आत शिवलकर जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, दाराकडे पाठ. सदऱ्याच्या आतून पाठीची हाडं मोजता येत होती. उजव्या पेटीला त्यांनी गाल लावला होता, एक हात पेटीवर, दुसरा खोकला दाबायला तोंडावर. तंबोरा वाजत होता. खुर्चीत ताई मान थोडी तिरपी करून बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका निवला होता की मी दारातच थांबले.

"अहो," वहिनींनी हाक मारली.

ते वळले नाहीत. ऐकू आलं नाही की यायला नको होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. वहिनी उंबऱ्यापाशी उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता त्या आत जातील, खांद्याला धरून हलवतील. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हळूच पवारांकडे वळल्या.

"जा तुमी," त्या म्हणाल्या. "यांचं व्हायचं हाय अजून."